लाल डोळ्यांचा बेडूक कोयनेचा नव्हे

पावसाळा लागला की साताऱ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक फोटो फिरू लागतो. पोपटी अंग, कुशीला निळे-पिवळे पट्टे, नारिंगी पाय, लालभडक डोळे. आणि खाली लिहिलेलं, ‘कोयनेच्या जंगलातला दुर्मीळ बेडूक’. बेडूक खरा आहे, पण तो राहतो दक्षिण मेक्सिकोपासून कोलंबियापर्यंतच्या जंगलात. त्याचं नाव रेड-आइड लीफ फ्रॉग. कोयना-चांदोलीच्या झाडांवरचा हिरवागार बेडूक म्हणजे मलबार ग्लायडिंग फ्रॉग. पश्चिम घाट सोडला तर तो जगात कुठंच नाही, आणि त्याच्याच घरात त्याच्या नावावर दुसऱ्याचा फोटो फिरावा याचं मला फार वाईट वाटतं.

दोघं दिसतात मात्र सारखे. दोघंही रात्री हिंडणारे, बोटांच्या टोकांना चिकटणाऱ्या गाद्या, आणि अंडी घालायची ती पाण्यावर झुकलेल्या पानांवर. तरी कुळं वेगळी आहेत. झाडावर राहायचं ठरल्यावर दोन खंडांत दोघांना सारखंच रूप आलं, एवढंच.

ओळखायला डोळ्यातली बाहुली बघा. फोटोतल्या बेडकाची उभी असते, आपल्याची आडवी. आपल्या बेडकाच्या बोटांमध्ये नारिंगी-तांबडे पडदेही असतात. ते ताणून तो उंच फांदीवरून ९ ते १२ मीटर तरंगत जातो.

खरा फरक अंड्यांत कळतो. पानावरची अंडी वाळू द्यायची नाहीत, हा पेच दोघांपुढे सारखाच. लाल डोळ्यांची मादी आधी तळ्यात उतरून मूत्राशयात पाणी भरून घेते आणि मग पानावर अंड्यांचा जेलीसारखा गोळा घालते. ते पाणी जेलीत मुरतं. साप त्या गोळ्याला तोंड लावतो तेव्हा पिल्लं हादऱ्यावरून ओळखतात आणि मुदतीआधीच फुटून पाण्यात उड्या टाकतात. मुदतीआधी फुटण्याची ही गोष्ट जीवशास्त्रज्ञ कॅरेन वॉर्केंटिन यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केली, हादऱ्याचं त्यांनी नंतर दाखवलं. पावसाच्या थेंबांनी गोळा हलला तर मात्र सहसा ती जागची हलत नाहीत.

आपली मादी फेस करते. अंड्यांबरोबर सोडलेला द्रव मागच्या पायांनी घुसळते, रवीनं ताक घुसळावं तसा. फेसाची वरची साय सुकून कडक होते, आत ओल टिकते. काही दिवसांनी फेस विरघळतो आणि बेडूकमासे थेट खालच्या पाण्यात पडतात.

हा फेस जंगलातच दिसतो असं नाही. पाटण किंवा शिराळ्याच्या डोंगराकडेच्या वस्तीत विहिरीच्या कठड्यावर, सिमेंटच्या टाकीच्या आतल्या भिंतीवरही पांढरा गोळा चिकटलेला असतो. पुष्कळ जण घाण समजून तो काठीनं पाडतात. तो विषारी नाही. जागचा हलवू नका, आणि फेस विरून जाईपर्यंत टाकी रिकामी करू नका, कारण पिल्लं पडणार आहेत ती त्याच पाण्यात. पडल्यानंतरही पाय फुटून बाहेर येईपर्यंत त्यांना ते पाणी लागतंच.