कॉलेजची लॅब आणि कंपनी मिळून बायरॅकच्या पेस स्कीमला अर्ज : कोण पात्र, कागदं कुठली, आणि गाडी कुठे अडते

ओळखीतल्या एका मॅडमचा परवा फोन आला. त्यांच्या लॅबमध्ये एक रेणू मिळालाय, उंदरांवर रिझल्ट चांगले आलेत, आणि आता एक औषध कंपनी म्हणतेय की आम्ही आमच्याकडे पुन्हा तपासून बघतो. त्यांचा प्रश्न असा की यासाठी सरकारी पैसा कुठून मिळेल आणि अर्ज कोणी करायचा, कॉलेजनी का कंपनीनी? हाच प्रश्न याआधीही दोन-तीन जणांनी विचारलाय, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं.

यासाठी जी स्कीम आहे तिचं नाव पेस. ती बायरॅक चालवतं, म्हणजे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 2012 मध्ये काढलेली, नफा न कमावणारी सरकारी कंपनी. पेसमध्ये दोन खिडक्या आहेत, एआयआर आणि सीआरएस, आणि आपण कुठल्या खिडकीत बसतो हे न कळल्यामुळेच बरेच जण चुकतात.

एआयआर म्हणजे कल्पना चांगली आहे पण ती चालते हे अजून सिद्ध करायचंय. इथे अर्ज संस्थेचा, सोबत कंपनी असली तरी चालतं, नसली तरी चालतं. सीआरएस त्याच्या पुढची पायरी, म्हणजे लॅबमध्ये चालतंय हे तुम्ही दाखवलंय, प्रूफ ऑफ कन्सेप्ट हातात आहे, आणि आता कंपनीने स्वतःच्या हाताने ते व्हॅलिडेट करायचंय, म्हणजे पुन्हा करून खात्री करायचीय. इथे अर्ज जोडीने करायचा, पण पुढे संस्था. पैसा दोघांनाही अनुदान म्हणून मिळतो, कर्ज नाही. आणि मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे आयपी, म्हणजे शोधावरचा मालकी हक्क, संस्थेकडेच राहतो. कंपनीला मिळतो तो पहिला हक्क, म्हणजे बाजारात न्यायचं झालं तर संस्थेने आधी या कंपनीला विचारायचं, ती नको म्हणाली तर मगच दुसरीकडे जायचं. छोट्या कॉलेजच्या प्राध्यापकाला कंपनीसमोर बसताना जी धाकधूक असते ना, की हे आपलं काम घेऊन जातील आणि आपण बघत बसू, ती या एका अटीने खूप कमी होते.

(कंपनीच पुढे आणि संस्था मदतीला असा मामला असेल तर एसबीआयआरआय किंवा बीआयपीपी या बायरॅकच्याच दुसऱ्या स्कीम बघा. आणि स्वतःचं स्टार्टअप अगदी शून्यातून उभं करायचं असेल तर बिग नावाची स्कीम, 18 महिने आणि 50 लाखांपर्यंत. तो वेगळा विषय आहे.)

ही स्कीम नुसती कागदावर नाही. 4 जून 2021 ला खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, टाटा मेमोरियलच्याच केंद्रात, भारतातली पहिली कार-टी सेल थेरपी (पेशंटच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून कॅन्सरवर सोडायचा उपचार) पेशंटला दिली गेली. त्या पेशी डिझाइन केल्या आणि बनवल्या आयआयटी बॉम्बेत, आणि त्या कामाला थोडा पैसा याच पेसमधून आला होता. पुढे इम्युनोॲक्ट ही आयआयटीतच उगवलेली कंपनी ते घेऊन गेली, ऑक्टोबर 2023 मध्ये सीडीएससीओची, म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेची, मंजुरी आली आणि एप्रिल 2024 मध्ये नेक्सकार19 नावाने ती थेरपी सुरू झाली. लॅब, हॉस्पिटल, कंपनी, तिघांपैकी एक जरी नसता तरी हे झालं नसतं.

आता पात्रता. संस्थेकडून बघितलं तर सरकारी किंवा खाजगी विद्यापीठ, कॉलेज, संशोधन संस्था, रिसर्च फाउंडेशन, एनजीओ, सगळे चालतात, फक्त रीतसर नोंदणी किंवा मान्यता हवी. कंपनी असेल तर कंपनी कायद्याखाली नोंदलेली आणि किमान 51 टक्के शेअर भारतीय नागरिकांच्या हातात. एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) असेल तर निम्मे तरी पार्टनर भारतीय नागरिक. शिवाय कंपनीकडे काम करण्यापुरती स्वतःची लॅब हवी, किंवा ती एखाद्या मान्य इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे नव्या कंपन्यांना जागा आणि लॅब देणाऱ्या केंद्रात, बसलेली हवी.

या 51 टक्क्यांवर थांबा जरा. इथे भारतीय नागरिक म्हणजे भारतीय पासपोर्टवाला. आडनाव मराठी आहे, जन्म इथला आहे, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) आहे, यातलं काहीच उपयोगाचं नाही. एका ओळखीच्या ग्रुपचं प्रपोजल इथेच बाद झालं, सायन्स उत्तम होतं, पण कंपनीतल्या मोठ्या भागधारकाने मध्यंतरी परदेशी नागरिकत्व घेतलेलं आणि हे पासपोर्टच्या झेरॉक्स मागितल्यावर सगळ्यांना कळलं. सहा महिन्यांची मेहनत होती हो ती. म्हणून कंपनीशी पहिल्या मीटिंगमध्येच विचारून घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

कागदपत्रं. संस्थेकडून नोंदणीचं किंवा संलग्नतेचं प्रमाणपत्र आणि संस्थाप्रमुखाच्या सहीचं पत्र. कंपनीकडून इन्कॉर्पोरेशन सर्टिफिकेट, सीए किंवा सीएसने (कंपनी सेक्रेटरीने) बायरॅकच्या नमुन्यात प्रमाणित केलेलं शेअरहोल्डिंग, भागधारकांच्या पासपोर्टच्या प्रती, मागच्या तीन वर्षांचे ऑडिटेड हिशोब, आणि लॅबची माहिती किंवा इन्क्युबेशनचा करार. एलएलपी असेल तर पार्टनरशिप डीड. दोघांकडून मिळून एमओयू, म्हणजे सामंजस्य करार, ज्यात कोण काय करणार, आयपीचं काय, हे स्पष्ट लिहिलेलं असावं. सीएचं सर्टिफिकेट कंपनीच्या लेटरहेडवर स्वतःच टाइप करून त्याच्यावर सही घेऊन आणलं तर परत येतं, नमुना आधी डाउनलोड करून सीएच्या हातात द्या.

या यादीत सगळ्यात जास्त वेळ खातो तो एमओयू. कंपनीचा वकील दोन दिवसांत मसुदा पाठवतो आणि मग तो विद्यापीठात टेबलाटेबलावर फिरतो, रजिस्ट्रार, लेखा विभाग, कायदा सल्लागार, परत रजिस्ट्रार. कॉल, म्हणजे बायरॅकची अर्ज मागवणारी जाहिरात, उघडल्यावर हे सुरू केलंत तर मुदत संपेल पण सही होणार नाही, खरंच सांगते. कॉल यायच्या आधीच एक साधा गोपनीयता करार आणि एमओयूचा कच्चा मसुदा फिरवून ठेवा.

आणि पेटंट! कंपनीला डेटा दाखवायच्या आधी, पोस्टर लावायच्या आधी, पीएचडीच्या मुलीचा पेपर पाठवायच्या आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, पेटंट अर्ज टाका. शैक्षणिक संस्थांना 2021 पासून पेटंटच्या फीमध्ये 80 टक्के सूट आहे, ऑनलाइन प्रोव्हिजनलची सरकारी फी 1600 रुपये येते, आणि पूर्ण स्पेसिफिकेशन (शोधाचं सविस्तर वर्णन) द्यायला 12 महिने मिळतात. विद्वत्सभेपुढे वाचलेल्या पेपरला आपल्या कायद्यात 12 महिन्यांची सवलत आहे हे खरं, पण युरोपात तशी सवलत नाही, आणि औषधाच्या बाबतीत कंपनी पहिला प्रश्न विचारते तो बाहेरच्या मार्केटचाच.

परवानग्यांचं पण आधीच बघा. प्राणी वापरणार असाल तर संस्थेच्या ॲनिमल एथिक्स कमिटीची मंजुरी, जनुकीय बदल केलेले जीव असतील तर बायोसेफ्टी कमिटी, माणसांचे सॅम्पल असतील तर एथिक्स कमिटी. आणि क्लिनिकल ट्रायल असेल तर एक गोष्ट डॉक्टर मंडळी हमखास विसरतात. 2019 च्या नियमांत ॲकॅडमिक ट्रायल नावाचा एक सोपा रस्ता आहे, मंजूर असलेलं औषध नव्या आजारासाठी किंवा नव्या डोसमध्ये तपासायचं असेल तर एथिक्स कमिटीच्या मंजुरीवर काम होतं. पण तो फक्त तेव्हाच, जेव्हा त्या डेटावर पुढे मार्केटिंगची परवानगी मागायची नसते. कंपनी सोबत आली ती मुळात बाजारात न्यायलाच, त्यामुळे तो रस्ता बंद, सीडीएससीओकडे सीटी-04 फॉर्म भरून रीतसर परवानगी घ्यावी लागते आणि पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी. प्रपोजलच्या टाइमलाइनमध्ये याचे महिने धरले नसतील तर रिव्ह्यू करणाऱ्याच्या ते लगेच डोळ्यात येतं.

अर्ज भरणं त्यामानाने सोपं आहे. बायरॅकच्या पोर्टलवर रजिस्टर करायचं, कॉल उघडा असेल तेव्हा फॉर्म भरायचा, सेव्ह करत करत जायचं. खरा जीव लावायचा तो माइलस्टोनच्या (कामाच्या ठरलेल्या टप्प्यांच्या) तक्त्यात, कारण पुढे पैसा त्याच्यावरच सुटतो. "रेणूचा अभ्यास करणे" हा माइलस्टोन नाही. "कंपनीच्या लॅबमध्ये स्वतंत्रपणे तीन बॅच बनवून शुद्धता अमुक टक्के दाखवणे" हा माइलस्टोन आहे. जे मोजता येईल आणि जमलं नाही तर जमलं नाही असं स्पष्ट म्हणता येईल तेच लिहा. बजेटमध्ये दोघांचे खर्च वेगवेगळे दाखवा आणि सगळी मोठी मशिनं एकाच बाजूला मागू नका.

त्यानंतर छाननी, तज्ज्ञांचा रिव्ह्यू, मग पॅनलसमोर प्रेझेंटेशन. प्रेझेंटेशनला कंपनीचा माणूस नुसता शेजारी बसलेला नको, त्याला व्हॅलिडेशनचा प्लॅन स्वतःच्या तोंडाने सांगता आला पाहिजे. कंपनीची लॅब बघायला टीम येऊ शकते. सगळं पार पडलं की करार होतो, पैशासाठी वेगळं नो-लियन खातं उघडावं लागतं, म्हणजे ज्याच्यावर बँकेला दुसऱ्या कशासाठी हक्क सांगता येत नाही असं. हप्ते माइलस्टोनप्रमाणे येतात आणि प्रत्येक वेळी खर्चाचा हिशोब आणि युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसा ठरल्या कामाला वापरल्याचा दाखला) द्यावं लागतं. लेखा विभागातल्या माणसाला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, पुढचा हप्ता अडकला की स्टायपेंड प्रोजेक्टमधल्या मुलांचा थांबतो आणि ती पोरं आधीच तुटपुंज्या पैशात घर चालवत असतात.

मॅडमच्या बाबतीत उंदरांवरचे आकडे हातात आहेत, म्हणजे त्यांची खिडकी सीआरएस. त्यांना मी सांगितलंय की या आठवड्यात कंपनीला एकही स्लाइड पाठवू नका, प्रोव्हिजनलचा नंबर येऊ दे, आणि तोवर कंपनीकडून भागधारकांची यादी मागवून घ्या.