भिंतीवरचा गालिचा : कोल्हापुरातल्या स्टुडिओ नूतनीकरणामागची गोष्ट

कोल्हापुरात जुना रेकॉर्डिंग स्टुडिओ नव्याने करायला काढला, की मशिनरी, एसी, खर्च या सगळ्याच्या आधी वाद पेटतो तो भिंतीवरच्या गालिच्यावरून. ठेवायचा की उतरवायचा? नव्या पिढीचे इंजिनिअर म्हणतात, पहिल्या दिवशी तोच ओढून काढा. ज्यांनी त्या गालिच्याच्या खोलीत उभी हयात धंदा केला ते म्हणतात, त्याला हात लावाल तर गिऱ्हाईक जाईल. बाहेरच्याला हा रंगरंगोटीचा वाद वाटतो, पण शहरातल्या ध्वनिमुद्रणाचा मागच्या चाळीस वर्षांचा इतिहास त्या गालिच्याखाली चिकटलेला आहे.

त्याआधीचा इतिहास मोठा आहे, पण या वादात त्याचा उपयोग थोडा. पॅलेस थिएटर १९१५ चं, म्हणजे माइक नव्हता तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत गाणं पोचवणारं. पहिला मराठी बोलपट १९३२ साली याच गावात तयार झाला. त्या काळात आवाज आणि चित्र एकाच वेळी घ्यावं लागे, वादक कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर दडून वाजवत. मुंबईत १९३१ च्या पहिल्या भारतीय बोलपटाचं चित्रीकरण शेजारच्या रेल्वेमुळे रात्री उशिरा चाले. बाहेरचा आवाज थांबवता येत नसेल तर तो थांबेपर्यंत आपणच थांबायचं, हा उपाय तेव्हापासूनचा. १९३३ मध्ये तो मराठी बोलपट काढणारी प्रभात फिल्म कंपनी पुण्याला गेली. १९३५ नंतर पार्श्वगायन रुजलं, गाणी आधीच वेगळी मुद्रित होऊ लागली आणि गाण्यांचं काम मुंबईकडे सरकत गेलं. १९४८ च्या जाळपोळीत जयप्रभा स्टुडिओ जळाला, पुन्हा उभा राहिला. तिथं घडलं ते प्रामुख्याने चित्रीकरण. गाण्यासाठी खोली कशी बांधायची हे ज्ञान त्या परंपरेतून पुढच्या पिढीच्या हाती फारसं आलं नाही. बोलपटाच्या या वारशाचा आपल्याकडे भाषणांत जेवढा उल्लेख होतो, तेवढा तो भिंतींत दिसत नाही.

आजच्या स्टुडिओंचं खरं मूळ आहे कॅसेटच्या काळात. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि जिल्ह्याजिल्ह्यात ध्वनिमुद्रणाला मागणी आली. कोल्हापुरात ती चांगलीच आली. जोतिबाची आणि अंबाबाईची गाणी, पोवाडे, लावण्या, शाळेच्या गॅदरिंगचे ट्रॅक, निवडणूक लागली की प्रचाराच्या कॅसेट, आणि वर्षभर रिक्षावरून ओरडायच्या जाहिराती. हे काम चालायचं ते राहत्या घराच्या माडीवर, दुकानामागच्या गोदामात किंवा नव्या अपार्टमेंटच्या एखाद्या गाळ्यात. दहा बाय दहाची खोली, स्लॅबची उंची दहा फूट, मध्ये काच बसवून पलीकडे मिक्सर. खोली भाड्याची असली तर घरमालक खिळासुद्धा ठोकू देत नसे. मग जे चिकटवता येईल ते चिकटवायचं.

चिकटवलं काय, तर गालिचा. मंडपवाल्याकडून उरलेला किंवा गादीवाल्याकडून मीटरवर आणलेला. चिकटवायला चपला करणारे वापरतात ते रबर सोल्युशन, कारण ते या गावात कुठल्याही गल्लीत मिळतं. ज्यांना तेवढंही परवडत नसे त्यांनी अंड्यांचे ट्रे लावले. अशी एक भिंत उघडताना मी शेजारी उभा होतो. वरच्या कोपऱ्यात पटाशी घालून सुताराने ओढलं, तर सोल्युशन वाळून काचेसारखं झालेलं, गालिच्याबरोबर गिलाव्याचे पापुद्रे खाली आले. मागे कुबट वास आणि खिडकीच्या बाजूला काळ्या बुरशीचा हातभर पट्टा. गायकांचे घसे त्या खोलीत का बसायचे, हे तिथं उभ्या असलेल्या कुणालाच मग विचारावं लागलं नाही.

तरीही गालिचा लावणाऱ्यांना वेड्यात काढणं सोपं आहे, आणि चूक आहे. त्या काळी टेपवर आवाज वेगवेगळे घ्यायचे मोजके ट्रॅक, बहुधा एकच बरा माइक, आणि पुसून पुन्हा करायची सोय कमी. मोकळ्या भिंतींच्या खोलीत गायकाचा आवाज चारही बाजूंनी परत येऊन त्याच माइकात शिरायचा. एकदा टेपवर गेलेला हा घुमारा काढता येत नाही. कोरडा आवाज घेतला तर हवा तेवढा घुमारा मशिनने नंतर देता येतो. १९९० च्या दशकात आठ ट्रॅकची डिजिटल टेप आणि घुमारा देणारी स्वस्त मशिनं, म्हणजे रिव्हर्ब युनिट, आल्यावर तर ही पद्धत पक्कीच झाली. खोली मारून टाका, जीव नंतर मशिनमधून घाला. ‘डेड रूम’ हा शब्द इथं कौतुकाने वापरला जायचा, आणि गालिचा जितका जाड तितका स्टुडिओ भारी.

अडचण अशी, की गालिच्याने खोली मरत नाही, अर्धवट मरते. ध्वनिशास्त्राच्या कोष्टकांत काँक्रीटवर अंथरलेल्या जाड गालिच्याचे आकडे दिलेले असतात. ४००० हर्ट्झला (सेकंदाला ४००० कंपनं, म्हणजे उंच आवाजाला) तो आदळलेल्या ध्वनीपैकी सुमारे ६५ टक्के शोषतो, १००० हर्ट्झला ३७ टक्के, आणि १२५ हर्ट्झला फक्त २ टक्के. म्हणजे ‘स’ आणि ‘श’ची धार, टाळांची किणकिण, तुणतुण्याची तार जाते, आणि खालचा खर्ज जसाच्या तसा खोलीत फिरत राहतो. त्यात दहा बाय दहा बाय दहाची खोली म्हणजे तर दुष्काळात तेरावा महिना. तिन्ही मापं सारखी असल्याने तिन्ही दिशांना एकच स्वर घुमतो, साधारण ५६ हर्ट्झ, आणि त्याच्या दुपटीला, ११२ च्या आसपास, पुन्हा एकदा. ढोलकीची धूम आणि पुरुषाच्या खालच्या पट्टीचा आवाज नेमका याच भागात सापडतो. कॅसेटच्या काळातल्या इथल्या कित्येक मुद्रणांत शाहीर डब्यात तोंड घालून गातोय असं वाटतं, त्याचं कारण बहुतेक वेळा माइकात नसून या भिंतींत आहे. कॅसेट प्लेअरचा स्पीकर इतका खालचा आवाज नीट वाजवतच नव्हता, म्हणून तक्रार आली नाही. चांगले हेडफोन आणि गाडीतले सबवूफर आल्यावर ती आली.

कुठली वस्तू किती ध्वनी गिळते हे मोजणं काही नवं नाही. १८९० च्या दशकात अमेरिकेतल्या एका तरुण प्राध्यापकाने रात्री-अपरात्री नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या एका व्याख्यानाच्या खोलीत वाहून नेल्या आणि ऑर्गनची नळी व घड्याळ घेऊन आवाज किती वेळ टिकतो ते मोजलं. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरतात : खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६१ ने गुणा आणि एकूण शोषणाने भागा, की घुमारा किती सेकंद टिकेल ते कळतं. हे सूत्र वारंवारितेनुसार वेगवेगळं मांडावं लागतं, आणि गालिच्याचा हिशेब तिथंच फसतो. छोट्या खोलीत खर्जाला तर हे सूत्रही पुरं पडत नाही.

आता मुद्द्याचा वाद. गालिचा काढला तर त्याजागी काय? उतरवा म्हणणाऱ्यांचं म्हणणं : चार इंची रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची लादी, लाकडी चौकटीत भरून वर कापड ताणा, कोपऱ्यांत त्याहून जाड भरा, आणि उरलेल्या भिंतीपैकी काही भाग मुद्दाम उघडा ठेवून तिथं कमीजास्त खोलीच्या लाकडी पट्ट्या मारा, म्हणजे वरचा आवाज मरणार नाही, विखुरला जाईल. ठेवा म्हणणाऱ्यांचे दोन मुद्दे आहेत. एक, दहा फुटांच्या खोलीत दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा फूट गेला तर उभं राहायचं कुठं? दुसरा, गायकांना कोरड्या खोलीची सवय आहे, हेडफोनमध्ये रिव्हर्ब दिलं की ते खूश असतात, मग जिवंत खोली कुणासाठी?

पहिला मुद्दा खरा आहे. ५६ हर्ट्झची लाट वीस फूट लांब असते. नुसत्या रॉकवूलने ती धरायची तर पाव लांबी, म्हणजे पाच फूट जाडी हवी. दहा फुटांच्या खोलीत हा विनोद झाला. त्यासाठी कोपऱ्यात प्लायचा बंद खोका करून त्याची पुढची फळी त्या स्वराला थरथरेल अशी बसवावी लागते, आणि ते काम नेमकं न झाल्यास खोका नुसताच जागा अडवतो. दुसरा मुद्दा मात्र मला पटत नाही. तो फक्त गायकाचा आणि सिंथेसायझरवर वाजवलेल्या तालाचा विचार करतो. हलगी घ्या. कातडं तापवून चढवलेली हलगी, दोन काड्यांनी वाजवलेली, हिचा अर्धा आवाज खोलीतून परत येणारा असतो. गालिच्याच्या खोलीत ती पुठ्ठ्यावर टिचक्या मारल्यासारखी ऐकू येते, आणि मग इंजिनिअर सॅम्पल, म्हणजे आधीच मुद्रित केलेले वाद्यांचे तुकडे, वापरू या म्हणतो. या पट्ट्यातली एवढी तालवाद्यं आणि त्यांचे वाजवणारे हाताशी असताना गाण्यांत विकतचे सॅम्पल येत गेले, त्यात खोल्यांचा वाटा मोठा आहे असं माझं मत आहे. पैशाचाही आहे, तो नाकारत नाही.

या सगळ्यात बाहेरचा आवाज हा विषय वेगळा, आणि तो कायम यात मिसळला जातो. भिंतीवर काहीही मऊ चिकटवलं तरी शेजाऱ्याचं मिक्सर थांबत नाही. आवाज अडवायला लागतं वजन आणि बंदिस्तपणा. जुन्या पेठांतल्या वाड्यांच्या दोन-दोन फुटी भिंती म्हणूनच फुकटात जे द्यायच्या ते अपार्टमेंटची साडेचार इंची वीट देत नाही. भिंतीचं वजन दुप्पट केलं तरी फायदा पाच-सहा डेसिबलचाच. त्यामुळे जाडी वाढवत बसण्यापेक्षा मूळ भिंतीला न चिकटता आत दुसरी भिंत उभी करतात, जिप्सम बोर्डाचे दोन थर, मध्ये हवा आणि रॉकवूल. पण फटींकडे कुणी बघत नाही. तीन फूट रुंदीच्या दाराखाली अर्धा इंच फट राहिली, तर ते दार शिसवी असो की लोखंडी, हिशेबाने जेमतेम २२ डेसिबल अडवतं. फटीत रबर बसवायचा खर्च किरकोळ, आणि नेमका तोच यादीतून कापला जातो.

कोल्हापूरचा बाहेरचा आवाजही साधा नव्हे. गणपतीच्या मिरवणुकीतल्या सिस्टीम, शिवजयंती, फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की जिंकलेल्या तालमीच्या संघाचे फटाके, उद्यमनगरच्या बाजूला यंत्रांची घरघर. साउंड सिस्टीमचा खर्ज तर आतली भिंतही फार अडवत नाही, तो जमिनीतूनही येतो. त्या दिवसांत स्टुडिओ बंद ठेवायचा, हे १९३१ चंच उत्तर अजून लागू आहे.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी या कामात आणखी एक बाजू आणली. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. तळमजल्यावरच्या भिंतींत भरलेलं काही एकदा पाणी प्यालं की आतून वाळत नाही, वरून कापड कितीही स्वच्छ दिसो. तेव्हापासून नदीकडच्या भागात वरचा मजला शोधतात. वर गेलं की स्लॅबचं वजन, खालच्या बिऱ्हाडाला जाणारी ढोलकीची धमक आणि सोसायटीची परवानगी असे नवे प्रश्न.

आणि आग. ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह, म्हणजे तेच जुनं पॅलेस थिएटर, जळालं. त्यानंतर लाकूड, कापड, वायरिंग याबद्दल लोक निदान प्रश्न विचारू लागले. तरी काळा-लाल फोम ऑनलाइन मागवून भिंतीला मारायची हौस कमी झालेली नाही. मोबाइलच्या पडद्यावर छान दिसतो, म्हणून २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी झालेल्या स्टुडिओंत तर तोच. पातळ फोम आवाजाच्या बाबतीत गालिच्याचाच धाकटा भाऊ, आणि पेटला तर विषारी धूर करतो. २००३ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये एका नाइटक्लबच्या मंचामागचा असा फोम आतिषबाजीने पेटला, १०० माणसं गेली. रॉकवूल दगडापासून होतं, ते स्वतः पेटत नाही. फोमइतकं ते दिसायला छान नाही एवढंच, आणि रॉकवूल हाताळताना खाज सुटते म्हणून सुतार जादा मजुरी मागतात. ती द्यावी.

सध्याच्या नूतनीकरणांत तडजोड साधारण अशी ठरते : गायकाची खोली कोरडीच ठेवायची, पण रॉकवूलने, कंट्रोल रूमला, म्हणजे काचेपलीकडच्या मिक्सरच्या खोलीला, मोजमाप करून नीट वागवायचं, आणि तालवाद्यांचा प्रश्न पुढे ढकलायचा. एसी टेकच्या वेळी बंद करायची जुनी सवयही तशीच राहते, कारण आवाज न करणारा डक्ट बसवायला छताची उंची उरलेली नसते. हलगीची जोडी किंवा ढोल-ताशाचं पथक घ्यायचं झालं तर अजूनही एखादं मंगल कार्यालय रिकाम्या दिवशी भाड्याने घेतात. ते भाडं स्टुडिओने सोसायचं की गाणं करणाऱ्याने, यावर प्रत्येक वेळी नव्याने वाटाघाट होते.