उसाला पाणी पाजायला जाताना कुठली बॅटरी घ्यावी? आधी सेल बघा

आमच्याकडं टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि बॅटरीला सेल. दुकानात गेलं की सगळे बॅटरी बघतात, उजेड किती लांब जातो ते बघतात, सेल कुठला पडतो ते कुणीच विचारत नाही. माझं म्हणणं असं की आधी सेल ठरवा आणि मग त्याला शोभेल अशी बॅटरी शोधा, आणि हे मी मामांच्या बॅटरीवरनं शिकलो.

मामांचा ऊस कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात, नदीपासनं जवळच. शेतीची लाईट काही दिवस दिवसा असते आणि काही दिवस रात्री, आणि रात्रपाळी आली की रात्री दोनला पण उठून पाणी पाजायला जावं लागतं. तर मामांनी बाजारातनं एक छोटी झूमवाली बॅटरी घेतलेली, तीन बारीक (एएए) सेलची, म्हणजे रिमोटला घालतो ते. सारखे सेल विकत आणायला नकोत म्हणून मी त्यांना तीन रिचार्जेबल सेल आणून दिले. चारच दिवसात फोन आला, "आरं, साध्या सेलवर लख्ख पडत होती की, तुझ्या सेलवर नुसती मिणमिणती हाय, आणि काल तर बांधावरच गेली." बांधावर, अंधारात, एकटा माणूस. मला फार वाईट वाटलं कारण सेल चांगले होते, मीच चार्ज करून दिले होते.

मग मी ती बॅटरी उघडून बघितली. आत सर्किट असं काहीच नाही, एक छोटा रेझिस्टर, म्हणजे करंटला आवर घालणारा तुकडा, आणि पुढं एलईडी. इथंच सगळं कळतं.

पांढरा एलईडी मुळात निळा असतो, त्याच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर दिलेला असतो आणि निळा-पिवळा मिळून डोळ्याला पांढरा दिसतो. (हा निळा एलईडी बनवल्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं.) निळ्या प्रकाशाच्या प्रत्येक कणाला ऊर्जा जास्त लागते म्हणून हा एलईडी साधारण ३ व्होल्टच्या खाली नीट पेटतच नाही. आता साधा सेल नवा असताना १.५ व्होल्टचा, तीन घातले की ४.५, म्हणजे एलईडीला लागणाऱ्या तीनच्या वर दीड व्होल्ट शिल्लक. रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल १.२ चा, तीनचे झाले ३.६, वर शिल्लक फक्त ०.६. रेझिस्टरमधनं करंट किती वाहणार ते या वरच्या शिल्लकीवर ठरतं, त्यामुळं उजेड निम्म्याच्याही खाली येतो. सेल खराब नव्हते, बॅटरीच त्यांच्यासाठी केलेली नव्हती.

आणि ती बांधावर का गेली त्याचंही कारण आहे. तीन सेल एकामागं एक जोडलेले असले की तिन्ही एकदम कधीच संपत नाहीत, एक कुठला तरी आधी संपतो, मग उरलेल्या दोघांचे २.४ व्होल्टच राहतात आणि एलईडी विझतो. आणि ज्या बॅटरीत उरलेल्या सेलचं व्होल्टेज पुरतं तिथं ते त्या रिकाम्या सेलमधनं जबरदस्तीनं करंट ढकलतात आणि त्याचं प्लस-मायनस उलटं होतं. असं दोन-चारदा झालं की तो सेल कायमचा गेला.

म्हणून रिचार्जेबल सेल वापरायचे असतील तर एकाच पेन्सिल सेलवर (एए, बारीक सेलपेक्षा थोडा मोठा) चालणारी बॅटरी घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. एक सेल म्हणजे उलटं व्हायची भानगड नाही. १.२ व्होल्टवर एलईडी पेटणार नाही हे बनवणाऱ्याला माहितीच असतं त्यामुळं आत व्होल्टेज वाढवणारं बूस्ट सर्किट द्यावंच लागतं, आणि ते असलं की सेल १.५ चा आहे का १.२ चा याचा फरक जवळजवळ पडत नाही. उलट फायदाच होतो, कारण साध्या सेलचं व्होल्टेज पहिल्यापासनं घसरत जातं, रिचार्जेबलचं शेवटपर्यंत १.२ च्या आसपास टिकतं, आणि मोठा करंट ओढला तरी तो कमी दबतो. साधे सेल बॅटरीत विसरले की फुटून पांढरी-हिरवट बुरशी आल्यासारखं होतं ना, ते अल्कलाईन सेलमधलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येऊन धातू खातं. आमच्या आज्जांची तीन मोठ्या सेलची लांब स्टीलची बॅटरी अशीच आतनं सडली, झाकणच निघत नव्हतं. चांगल्या रिचार्जेबलमध्ये हे फार क्वचित होतं.

सेल घेताना "लो सेल्फ डिस्चार्ज" किंवा "प्री-चार्ज्ड" असं लिहिलेला घ्या. जुने रिचार्जेबल नुसते कपाटात ठेवले तरी महिन्या-दोन महिन्यात बरेच उतरायचे. २००५ मध्ये जपानच्या सान्यो कंपनीनं एनेलूप नावाचे सेल आणले तेव्हापासनं वर्षभर ठेवला तरी बराचसा चार्ज टिकणारे सेल मिळायला लागले. सेलमध्ये चार्ज किती मावतो ते एमएएचमध्ये लिहितात, हजार एमएएच म्हणजे एक अँपिअर तास. पेन्सिल सेलला २००० एमएएच भरपूर झाले, २५०० वाले जास्त चालतात पण तितक्या वेळा चार्ज होत नाहीत. आणि ३५००-४००० लिहिलेला दिसला तर सरळ ठेवून द्या, त्या साईजमध्ये ह्या जातीच्या सेलमध्ये एवढं बसतच नाही.

आता हिशोब. २ अँपिअर तास गुणिले १.२ व्होल्ट म्हणजे २.४ वॉट तास. एका वॉटला साधारण शंभर ल्युमेन (ल्युमेन म्हणजे एकूण उजेडाचं माप) धरा, सर्किटमध्ये थोडं जातं, म्हणजे हातात दोनशे ल्युमेन-तास राहतात. ५० ल्युमेनवर चार तास, १० ल्युमेनवर वीस तास. बॉक्सवर कुणी "एक पेन्सिल सेल, १००० ल्युमेन, १० तास" लिहिलं असेल तर तुम्हीच गुणाकार करा.

ह्याच्यापेक्षा जास्त पाहिजे असेल तर लिथियम-आयनचा १८६५० सेल. नावातच माप आहे, १८ मिलीमीटर जाड, ६५ मिलीमीटर लांब, शेवटचं शून्य म्हणजे गोल नळी. ३००० एमएएच आणि ३.६ व्होल्ट, म्हणजे जवळपास ११ वॉट तास, पेन्सिल सेलच्या चौपटीच्या वर. पण ह्यात फसवणूक लई आहे. चांगला सेल ३५०० पर्यंत जातो आणि वजन ४५ ग्रॅमच्या पुढं असतं. माझ्याकडं ९९०० लिहिलेला एक होता, कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, मित्राच्या दुकानात सोन्याच्या काट्यावर ठेवला तर २९ ग्रॅम भरला. आत काय असेल ते मग चार्ज करून बघायची पण इच्छा झाली नाही, कारण असल्या सेलमध्ये संरक्षणाचं सर्किट पण नसू शकतं आणि लिथियम जास्त चार्ज झाला तर आग लागू शकते. आणखी एक, १४५०० नावाचा लिथियम सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेलसारखा असतो पण ३.७ व्होल्टचा, चुकून साध्या बॅटरीत घातला तर एलईडी किंवा सर्किट जळू शकतं, घरात लहान पोरं असतील तर तो आणूच नका.

यूएसबीनं चार्ज होणारी घेत असाल तर दुकानातच टाईप सी ते टाईप सी केबल लावून बघा. स्वस्त बॅटऱ्यांमध्ये सॉकेटला लागणारे ५.१ किलो-ओहमचे दोन रेझिस्टर घातलेलेच नसतात, ते नसले की नव्या चार्जरला पुढं कोण आहे ते कळत नाही आणि तो करंट सोडत नाही, जुन्या चौकोनी तोंडाच्या केबलनंच चार्ज होते.

लांब उजेडाचं वेड मात्र डोक्यातनं काढा. पट्टा किती मीटर ते जे लिहितात, ते उजेड पाव लक्स, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उरतो तिथपर्यंतचं अंतर असतं. १०० मीटरला २५०० कॅन्डेला (एका दिशेला उजेड किती जोरात जातो त्याचं माप) लागतात, २०० मीटरला १०,०००, कारण अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. उसात तुम्हाला दोनशे मीटर बघायचंच नसतं, पायापुढचे पाच-सहा फूट आणि पाटाच्या दोन्ही कडा बघायच्या असतात, तिथं घोणस किंवा मण्यार असली तर दिसली पाहिजे. झूम पूर्ण ओढल्यावर भिंतीवर जो चौकोनी ठिपका पडतो ना, ते एलईडीच्या चिपचंच मोठं केलेलं चित्र असतं, आणि तसं करताना बाजूला जाणारा बराचसा उजेड नळीतच वाया जातो. साधा गोल आरसा असलेली, मधे उजेड आणि कडेनं मंद पसारा असलेली बॅटरी चालायला खरी कामाची. पाण्यासाठी आयपीएक्स ४ असेल तर पाऊस सोसते, आयपीएक्स ७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास.

मंद मोड आहे का ते नक्की बघा, दुकानदार तो दाखवतच नाहीत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली आणि गावंच्या गावं अंधारात गेली. अशा वेळी १० ल्युमेन छताकडं करून ठेवले की खोलीभर माणसं एकमेकांना दिसतात, जेवणं होतात. डोळ्याला चौपट ल्युमेन साधारण दुप्पटच वाटतात, त्यामुळं मंद केल्यावर जितकं कमी वाटतं त्यापेक्षा कितीतरी जास्त चार्ज वाचतो.

चार्जर प्रत्येक सेलला वेगळा दिवा असलेला घ्या, जो प्रत्येक सेल भरला की आपापला बंद करतो. जोडीनं चार्ज करणारे आणि नुसत्या टायमरवर चालणारे सेल तापवून मारतात.

मामांकडं आता एका पेन्सिल सेलची बॅटरी आहे आणि शर्टाच्या खिशात प्लॅस्टिकच्या छोट्या डबीत दुसरा भरलेला सेल. परवा म्हणाले, मधल्या वाफ्यात संपली, तिथंच उभं राहून अंधारात हातानं चाचपून बदलली, आणि पाणी पाजून झालं.