ऑफ-रोड वाहनांतील मॅन्युअल गिअर आणि इंजिनाची निवड (ठाणे–नवी मुंबई)

डांबरी रस्ता सोडून चिखल, खडक, ओढे आणि चढउतार यांतून जाण्यासाठी बांधलेल्या चारचाकीत हाताने टाकायचा गिअर मिळतो का, आणि मिळत असेल तर कोणत्या इंजिनाबरोबर, हा या नोंदीचा विषय आहे. वरवर पाहता हे दोन वेगळे प्रश्न वाटतात. प्रत्यक्षात कंपन्या इंजिन, गिअरबॉक्स आणि फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा) हे तिन्ही भाग ठरावीक जोड्यांतच विकतात आणि एक घ्यायला गेले की दुसरे आपोआप गळ्यात पडते. ठाणे-नवी मुंबईत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. इथला मालक आठवडाभर घोडबंदर किंवा ठाणे–बेलापूर रस्त्यावरच्या गर्दीत गाडी रेटतो आणि रविवारी तीच गाडी मुरबाड, शहापूर, कर्जतकडच्या कच्च्या वाटांवर घालतो. गाडी दोन्हीकडे संथच चालते. मात्र शहरात क्लचचा पिट्ट्या पडतो आणि कच्च्या वाटेवर लो गिअरचा कस लागतो.

पार्श्वभूमी

महिंद्राने 1947 मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या जीपला मॅन्युअलच गिअर होते, शेजारी ट्रान्स्फर केसचे (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीचे) दांडे होते आणि इंजिन पेट्रोलचे होते. पुढे इंधनाचा खर्च परवडेना तेव्हा भारतीय जीपमध्ये डिझेल इंजिने आली. महिंद्राच्या एमएम 540 जीपमधले 2112 सीसीचे प्यूजो इंजिन त्यांतले सर्वांत ओळखीचे. मारुतीची जिप्सी 1985 मध्ये 970 सीसीच्या पेट्रोल इंजिनासह आली, 1996 मध्ये तिला 1.3 लिटरचे इंजिन मिळाले, पण गिअर शेवटपर्यंत मॅन्युअलच राहिले. 2010 ची पहिली थारही मॅन्युअलच होती. म्हणजे साठ-सत्तर वर्षे या वर्गातल्या गाड्यांत गिअरबॉक्सची निवड जवळपास नव्हतीच. 2 ऑक्टोबर 2020 ला दुसऱ्या पिढीची थार पेट्रोल व डिझेल दोन्ही इंजिनांत, मॅन्युअल व ऑटोमॅटिक दोन्ही गिअरबॉक्ससह बाजारात आली आणि आजची चर्चा खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाली.

गिअर काय काम करतो

खडबडीत वाटेवर वेगापेक्षा चाकाला मिळणारा जोर महत्त्वाचा असतो. तो जोर पहिला गिअर, ट्रान्स्फर केसमधला लो रेंज (वेग कमी करून जोर वाढवणारी जादा पायरी) आणि अ‍ॅक्सलमधले अंतिम गुणोत्तर यांच्या गुणाकारातून येतो. मारुती जिम्नीचे उदाहरण घेऊ. मॅन्युअल जिम्नीचा पहिला गिअर 4.425, लो रेंज 2.002 आणि अंतिम गुणोत्तर 4.09. गुणाकार सुमारे 36 भरतो. इंजिन हजार आरपीएमवर फिरत असताना गाडी ताशी साधारण साडेतीन किलोमीटरने सरकते, म्हणजे शेजारून चालणारा माणूस तिच्या पुढे निघून जाईल. फोर लो (चारही चाकांना लो रेंज) टाकला नाही तर याच आरपीएमला वेग दुप्पट होतो आणि मग चालकाला क्लच अर्धवट दाबून वेग कमी ठेवावा लागतो. क्लच प्लेटा जळतात त्या इथेच.

कच्च्या वाटेवर नवख्या चालकाचा डावा पाय बघावा. ओल्या लाल मातीच्या चढावर पुढचे चाक दगडाला अडते, गाडी थबकते, इंजिन बंद पडेल या भीतीने पाय क्लचवर जातो आणि तिथेच अर्धा दाबून राहतो. उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर. दोन मिनिटांत करपट वास सुटतो आणि मागच्या गाडीतले लोक हात हलवून थांबायला सांगतात. जाणता चालक पायथ्याशीच फोर लो आणि पहिला गिअर टाकतो, क्लचवरचा पाय पूर्ण काढून खाली ठेवतो आणि गाडी इंजिनाच्या आयडलिंगवर, म्हणजे उजवा पायही न दाबता, चढू देतो. गाडी अडलीच तर तो इंजिन बंद पडू देतो, ब्रेक धरतो आणि गिअर रिव्हर्समध्ये टाकून क्लच सोडलेल्या स्थितीतच इंजिन पुन्हा सुरू करून सरळ मागे येतो. अर्ध्या क्लचवर लटकण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित आहे.

ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. तेलाच्या प्रवाहातून शक्ती पुढे जाते, त्यामुळे चाक अडले तरी इंजिन बंद पडत नाही, आणि गाडी जागच्या जागी अडलेली असताना कन्व्हर्टर टॉर्क (फिरवण्याचा जोर) वाढवूनही देतो. ऑटोमॅटिक जिम्नीचा असाच गुणाकार केला तर तो 25 च्या आसपास येतो. मॅन्युअलपेक्षा कमी असूनही ती चढावर मागे पडत नाही, ते या गुणामुळेच. खडकांवर इंचाइंचाने गाडी चढवायची असेल तर ऑटोमॅटिक सोपी पडते, हे मान्य करायला हवे. तिची अडचण उष्णतेची आहे: बराच वेळ संथ आणि ताणाखाली चालवली की गिअरबॉक्सचे तेल तापते.

उतारावर मात्र मॅन्युअलचे पारडे जड आहे. फोर लोचा पहिला गिअर टाकून दोन्ही पाय मोकळे ठेवले की इंजिनच गाडीला धरून ठेवते. निसरड्या उतारावर ब्रेक दाबून चाके लॉक झाली की गाडी घसरत जाते. इंजिन ब्रेकिंगमध्ये चाके फिरत राहतात आणि स्टिअरिंग हातात राहते. ऑटोमॅटिक गाड्यांत हे काम इलेक्ट्रॉनिक हिल डिसेंट यंत्रणा ब्रेक आळीपाळीने लावून करते. ती चांगले काम करते, पण सेन्सर आणि वायरिंग शाबूत असेपर्यंत.

इंजिनाबरोबरच्या जोड्या

भारतात लो रेंजसह मॅन्युअल हवी असेल तर वाट बहुतेक वेळा डिझेलकडे जाते. ऑगस्ट 2024 मध्ये आलेल्या पाच दारांच्या थार रॉक्समध्ये फोर बाय फोर फक्त डिझेलबरोबर देण्यात आला; पेट्रोल रॉक्स मागच्या चाकांवरच चालते. स्कॉर्पिओ-एनमध्येही तसेच. टोयोटा फॉर्च्युनरचे पेट्रोल इंजिन फोर बाय टूमध्ये (फक्त दोन चाकांना ताकद) आहे आणि फोर बाय फोरसाठी 2.8 लिटरचे डिझेल घ्यावे लागते. फोर्स गुरखा या यादीत वेगळी उठून दिसते. मर्सिडीज वंशाचे 2.6 लिटरचे डिझेल, पाच गिअरचा मॅन्युअल आणि पुढच्या-मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलना हाताने लावायचे डिफरन्शिअल लॉक (डावे-उजवे चाक एकत्र बांधून फिरवणारे), असा तिचा थाट आहे. ऑटोमॅटिकचा पर्याय तिने दिलाच नाही. 2024 मध्ये इंजिनाची ताकद वाढवून 140 पीएस आणि 320 न्यूटन मीटर केली, तरी गिअर मॅन्युअलच ठेवले. पेट्रोल, लो रेंज आणि मॅन्युअल या तिन्हींचा मेळ 2020 च्या पेट्रोल थारने आणि जून 2023 मध्ये आलेल्या जिम्नीने घातला.

जोडी जमली तरी ताकद सारखी मिळेल असे नाही. फॉर्च्युनरचे तेच डिझेल ऑटोमॅटिकबरोबर 500 न्यूटन मीटर देते आणि मॅन्युअलबरोबर 420. स्कॉर्पिओ-एनमध्ये हे आकडे 400 आणि 370 आहेत, 2020 च्या पेट्रोल थारमध्ये 320 आणि 300. मॅन्युअलमध्ये क्लच झटक्यात सुटला की सगळा धक्का गिअरचे दाते आणि शाफ्ट यांच्यावर येतो, म्हणून त्या जोडीत टॉर्कवर मर्यादा घालणे उत्पादकाला सोयीचे जाते. कागदावर हा फरक मोठा दिसतो. फोर लोमध्ये रांगताना मात्र त्याचा उपयोग क्वचितच होतो, कारण तिथे पूर्ण टॉर्क लागतच नाही. निव्वळ या आकड्यांवरून मॅन्युअल नाकारणे चुकीचे आहे.

परदेशातही असेच बांधून दिलेले पर्याय दिसतात, फक्त जोड्या निराळ्या. फोर्ड ब्रॉन्कोच्या सध्याच्या पिढीत सात गिअरचा मॅन्युअल 2.3 लिटरच्या चार सिलिंडर इंजिनाबरोबरच मिळतो. त्यांतला एक गिअर खास रांगण्यासाठी आहे. 2.7 लिटरच्या व्ही सिक्सला (सहा सिलिंडरच्या इंजिनाला) ऑटोमॅटिकच. जीप रँग्लरमध्ये अमेरिकेत नेमके उलटे घडले: मॅन्युअल मोठ्या 3.6 लिटर व्ही सिक्सला आणि 2 लिटर टर्बोला ऑटोमॅटिक. भारतासाठी 2021 पासून रांजणगावात जुळणी झालेली रँग्लर 2 लिटर टर्बो आणि आठ गिअरच्या ऑटोमॅटिकसहच आली. लँड रोव्हरच्या नव्या डिफेंडरला मॅन्युअल नाहीच.

कराचा हात

भारतातली इंजिने अभियंत्यांइतकीच करविभागही ठरवतो. चार मीटरच्या आतली गाडी, आणि पेट्रोल 1200 सीसीपर्यंत किंवा डिझेल 1500 सीसीपर्यंत, असे बसले तर जीएसटी कमी लागतो; 22 सप्टेंबर 2025 पासून तो 18 टक्के आहे आणि त्यावरच्या गाड्यांना 40 टक्के. तीन दारांची थार आणि पाच दारांची जिम्नी दोन्ही 3985 मिलिमीटर लांब आहेत. थारमध्ये जानेवारी 2023 ला 1.5 लिटरचे डिझेल आले ते या मर्यादेत बसण्यासाठी. ते मॅन्युअल आहे, स्वस्त आहे, दिसायला हुबेहूब थार आहे, पण फोर बाय फोर नाही. जिम्नीचे 1462 सीसीचे पेट्रोल सवलतीत बसत नाही. किंमत बघून 1.5 डिझेल थार घेणाऱ्याने फोर बाय फोर नसल्याची गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण पहिल्या पावसात भाताच्या खाचरालगत मागची दोन चाके रुतली की दुसऱ्या गाडीने टोचन करून बाहेर काढण्यावाचून गत्यंतर नसते.

ठाणे–नवी मुंबईतील परिस्थिती

घोडबंदर रस्त्यावरचा गायमुख घाट हा क्लचचा शत्रू आहे. न्हावा-शेव्याहून गुजरातकडे जाणारे ट्रेलर चढावर अडकले की मागची रांग अर्ध्या क्लचवर सरकत राहते. रोज तिथून जाणाऱ्याला ऑटोमॅटिक हवीशी वाटते, यात नवल नाही. शिळफाटा आणि मुंब्रा बायपासची कथा फार वेगळी नाही.

डिझेलची अडचण दुसरीच आहे. 1 एप्रिल 2020 ला प्रदूषणाचे बीएस 6 निकष लागू झाल्यापासून डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. साचलेली काजळी जाळण्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. ऐरोली ते महापे अशा रोजच्या छोट्या फेऱ्यांत ते घडत नाही, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि मालक वर्कशॉप गाठतो. नाशिक महामार्गावर एकसारख्या वेगाने वीस-पंचवीस मिनिटे गाडी पळवली की बहुधा दिवा जातो. ज्याची गाडी आठवडाभर शहराबाहेर पडणार नाही त्याने डिझेलचा टॉर्क कितीही खुणावला तरी पेट्रोलचा विचार करावा, असे या नोंदीचे स्पष्ट मत आहे. जिम्नीचा टॉर्क 134 न्यूटन मीटरच आहे, पण तिचे वजनही 1200 किलोच्या आसपास आहे आणि चिखलात हलकी गाडी कमी रुतते.

पावसाळ्यात ओढे ओलांडताना गिअरबॉक्सपेक्षा पाण्याची खोली महत्त्वाची. थारसाठी कंपनीने 650 मिलिमीटर आणि गुरखासाठी 700 मिलिमीटर मर्यादा दिली आहे. मॅन्युअलमध्ये पाण्यात शिरण्याआधी गिअर निवडावा आणि पलीकडे पोहोचेपर्यंत क्लचला हात, म्हणजे पाय, लावू नये. प्लेटांमध्ये गढूळ पाणी गेले की क्लच घसरू लागतो. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेले तर कनेक्टिंग रॉड वाकतात. त्यानंतर पुन्हा चावी फिरवणे म्हणजे उरलेले इंजिनही घालवणे. नेहमीच्या विमा पॉलिसीत हे नुकसान बहुधा धरलेले नसते, त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते.

गाडी कुठे न्यायची यालाही मर्यादा आहेत. येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथे रस्ता सोडून गाडी घालणे हा गुन्हा आहे आणि ज्या बिबट्यांमुळे त्या डोंगराला मोल आहे त्यांच्यावर तो अन्याय आहे. माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे खासगी गाडी जात नाही. खासगी जमिनीवर मालकाची परवानगी घ्यावी, आणि लावणी झालेल्या खाचरांपासून दूर राहावे.

जुनी गाडी घेताना

एमएच 04, एमएच 43 किंवा एमएच 46 पासिंगची जुनी जीप वा जिप्सी घेताना आरसीवरचा इंजिन नंबर प्रत्यक्ष इंजिनावरच्या नंबराशी पडताळावा. जुन्या जीपमध्ये इंजिन बदललेले असणे नवे नाही, आणि आरटीओत नोंद नसेल तर पासिंगच्या वेळी गाडी अडते. दिल्ली परिसरासाठी असलेली डिझेलची दहा वर्षांची अट महाराष्ट्रात लागू नाही. पंधरा वर्षांनंतर तपासणी करून आणि हरित कर भरून नोंदणी वाढवता येते. क्लचची परीक्षा सोपी आहे: हँडब्रेक ओढून वरच्या गिअरमध्ये हळू क्लच सोडावा. इंजिन लगेच बंद पडले तर प्लेट ठीक आहे, फिरतच राहिले तर ती झिजली आहे. मग मोकळ्या मातीच्या जागेत फोर लो टाकून सरळ पुढे-मागे चालवून पाहावे. वर्षानुवर्षे न वापरलेला दांडा बऱ्याचदा जाम झालेला असतो आणि ट्रान्स्फर केस उघडण्याचा खर्च विक्रेत्याने सांगितलेल्या किमतीत धरलेला नसतो.