जीवघेण्या खेळांच्या मांगा : सभासदांसाठी माहितीपत्रक

आमच्या वाचनालयातील मांगा विभागात जीवघेण्या खेळांवरील जपानी चित्रकथांसाठी एक वेगळे कपाट ठेवले आहे. या कथांमध्ये कर्जापायी नाडलेल्या किंवा सरकारी फर्मानाने धरून आणलेल्या माणसांना अशा स्पर्धेत उतरवले जाते, जिच्यात हरणे म्हणजे बहुधा मरणे असते आणि इतरांसाठी मात्र ती निव्वळ करमणूक असते. काही सभासद रक्तपाताला कंटाळून पहिला खंड अर्ध्यावरच परत करतात. त्यांना आमची सूचना अशी की, खेळ पाहणारे प्रेक्षक दाखवणाऱ्या चौकटी घाईने उलटू नयेत, कारण दुसऱ्याच्या हालांची करमणूक करणाऱ्या दूरचित्रवाणीवरील आणि तिच्या प्रेक्षकांवरील उपहासाचा खरा रोख तिथेच असतो.

जपानमध्ये दूरचित्रवाणीचे नियमित प्रक्षेपण १९५३ साली सुरू झाले आणि चारच वर्षांत सोइची ओया या समीक्षकाने या माध्यमामुळे अवघे राष्ट्र मूढ होत असल्याची टीका केली. पुढे खेळांचे कार्यक्रम तिथे अफाट लोकप्रिय झाले. १९८६ साली सुरू झालेला ‘ताकेशीज कॅसल’ तर आपल्याकडेही पोगो वाहिनीवर जावेद जाफ्री यांच्या हिंदी समालोचनासह अनेकांनी पाहिला आहे. त्यातील स्पर्धकांचे धडपडणे निरुपद्रवी होते. १९९८ साली मात्र एका जपानी वाहिनीने नासुबी हे टोपणनाव असलेल्या होतकरू विनोदी कलाकाराला सोडतीने निवडले, एका खोलीत विवस्त्र ठेवले आणि मासिकांतील बक्षीस योजनांमधून दहा लाख येन किमतीच्या वस्तू जिंकेपर्यंत त्यांवरच जगण्यास सांगितले. आपले चित्रण दर आठवड्याला प्रक्षेपित होत आहे आणि देश त्यावर हसत आहे, याची त्याला कल्पना नव्हती. लक्ष्य पूर्ण झाल्यावर त्याला कोरियात नेऊन परतीच्या भाड्यासाठी तोच खेळ पुन्हा खेळायला लावले गेले. सुमारे पंधरा महिन्यांनी त्याच्या खोलीच्या भिंती पडल्या, तेव्हा समोर स्टुडिओतील प्रेक्षक बसलेले होते.

नोबुयुकी फुकुमोतो यांची ‘कैजी’ ही मांगा मालिका मात्र नासुबीच्या कार्यक्रमाच्या दोन वर्षे आधी, १९९६ सालीच सुरू झाली होती. तिच्यातील कर्जबाजारी तरुण उंचावरील अरुंद तुळईवरून चालतात आणि श्रीमंत पाहुणे कोण जिंकेल यावर पैसे लावतात. फुकुमोतो यांची टोकदार नाकांची, ओबडधोबड माणसे प्रथमदर्शनी अनेकांना आवडत नाहीत, तरीही प्रथम वाचणाऱ्यांना आम्ही याच मालिकेची शिफारस करतो, कारण तिच्यात हिंसेपेक्षा हिशेब आणि भीती यांना अधिक जागा आहे.

‘बॅटल रॉयल’च्या १५ खंडांबाबत एक खुलासा आवश्यक आहे. कौशुन ताकामी यांच्या १९९९ सालच्या कादंबरीवरून मासायुकी तागुची यांनी चितारलेल्या या मांगात शाळकरी मुलांना एकमेकांना ठार मारायला लावणारी योजना हुकूमशाही सरकारची आहे. आमच्याकडील जुन्या इंग्रजी आवृत्तीत मात्र रूपांतरकार कीथ गिफेन यांनी तिला थेट दूरचित्रवाणीवरील रिॲलिटी शो करून टाकले आहे. या बदलाने उपहास अधिक बोचरा झाला असला, तरी सरकारी दहशतीची धार बोथट झाली, असे आमचे मत आहे. कादंबरीवरील २००० सालच्या चित्रपटात शिक्षकाची भूमिका ‘ताकेशीज कॅसल’मध्ये किल्ल्याचा मालक झालेल्या ताकेशी कितानो यांनीच केली आहे, हे ठाऊक असले म्हणजे चित्रपटातील विनोद अंगावर येतो.

मांगा उजवीकडून डावीकडे वाचायच्या असतात आणि चौकटींचा व संवादांच्या फुग्यांचा क्रमही तसाच असतो, हे नवीन सभासदांनी लक्षात घ्यावे. ‘बॅटल रॉयल’ १८ वर्षांखालील सभासदांना दिली जात नाही, मग पालक सोबत असले तरीही. ‘कैजी’साठी पालकांची लेखी संमती पुरेशी आहे. दोन्ही मालिकांचे खंड क्रमानेच दिले जातात आणि आधीचा खंड परत आल्यावर पुढचा खंड सभासदाच्या नावे राखून ठेवला जातो.