ठाणे खाडीचे कांदळवन : गाळातील कार्बन आणि प्रदूषण

ठाणे खाडी हा साष्टी बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधला सुमारे २६ किमी. लांबीचा भरती-ओहोटीचा पट्टा आहे. दक्षिणेला तो मुंबई बंदराच्या पाण्यात मिसळतो, उत्तरेला ठाणे शहराजवळ एका चिंचोळ्या वाटेने उल्हास नदीच्या खाडीला मिळतो. पश्चिम काठावर मुलुंड, भांडुप, विक्रोळी, मानखुर्द. पूर्व काठावर कळवा, ऐरोली, कोपरखैरणे, वाशी. लोकलने वाशीचा पूल ओलांडताना दोन्ही बाजूंना जी सलग हिरवी किनार दिसते, ती इथल्या कांदळवनाची. हे जंगल हवेतला कार्बन ओढून पायाखालच्या गाळात साठवते. त्याच गाळात महानगराचे मैलापाणी, कारखान्यांतले जड धातू आणि प्लास्टिकही येऊन बसते. सरकारी कागदांत कार्बनसाठा आणि प्रदूषण ही दोन वेगळी प्रकरणे असतात. ठाणे खाडीत ती वेगळी काढता येत नाहीत, म्हणून या नोंदीत त्यांचा विचार एकत्रच केला आहे.

मराठीत ‘खाडी’ हा शब्द नदीच्या मुखालाही लावतात आणि जमिनीत घुसलेल्या समुद्राच्या फाट्यालाही. उल्हासची खाडी पहिल्या प्रकारची, ठाण्याची बरीचशी दुसऱ्या. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर ठाणे खाडीला गोडे पाणी फारसे मिळत नाही. वर्षभर मिळते ते नाल्यांचे. त्यामुळे खाडीच्या आतल्या, ठाण्याकडच्या भागात पाणी धुऊन निघत नाही, नुसते झुलत राहते. ओहोटीने खाली गेलेली घाण सहा तासांनी भरतीबरोबर परत वर येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात निदान जोर तरी असतो. कोळी ज्याला ‘भांग’ म्हणतात त्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाण्याची चढ-उतार कमी होते, ओढ मंदावते आणि पाण्यातला बारीक गाळ तळाला बसायला सवड मिळते.

खारफुटीच्या अनेक जाती महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आहेत. इथे मात्र राज्य तिवराचे. कांदळ, चिपी, काजळा, गेवा, काटेरी पानांचे मारांडी ही मंडळी अधूनमधून भेटतात. त्यांतल्या पांढऱ्या चिपीला २०२० मध्ये महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला. पण घाण पाणी, दाट गाळ आणि कमी-जास्त होणारा खारटपणा हे सगळे एकत्र सोसण्यात तिवराचा हात धरणारे कोणी नाही. जास्तीचे मीठ ते पानांवाटे बाहेर टाकते. उन्हाळ्यात पान चाटून पाहिले तर जिभेला मीठ लागते. चिखलात हवा नसते, म्हणून त्याची श्वसनमुळे पेन्सिली उभ्या रोवाव्यात तशी जमिनीतून वर येतात. एखाद्या जागी जवळजवळ फक्त तिवरच दिसू लागले, तर जंगल दाट असूनही परिसर तणावाखाली आहे असे समजायला हरकत नाही.

गाळाचा काप

ओहोटीला तिवराच्या बुंध्याजवळचा चिखल फावड्याने उभा कापला, तर वरचा दोन-तीन बोटांचा थर तपकिरी दिसतो. त्याखाली एकदम काळा, लोण्यासारखा मऊ गाळ लागतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. काळ्या गाळातून चिंबोरीचे बीळ किंवा तिवराचे मूळ गेले असेल, तर त्याच्या भोवती गंजाच्या रंगाची पातळ नळी दिसते. या विषयाचे निम्मे रसायनशास्त्र त्या एका कापात पाहायला मिळते.

वरच्या थराला हवा मिळते, म्हणून तिथले लोह गंजते. खाली प्राणवायू पोचत नाही. तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातले सल्फेट वापरून पालापाचोळा कुजवतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा वायू निघतो, त्याचाच तो वास. तो लोहाशी संयोग पावून गाळ काळा करतो. प्राणवायूविना होणारे हे कुजणे अतिशय संथ असते. पाने, मुळे, काड्या पूर्ण कुजण्याआधीच त्यांच्यावर पुढचा गाळ चढतो आणि त्यांतला कार्बन शतकानुशतके पुरला जातो. डोंगरावरच्या जंगलात पडलेले पान काही वर्षांत हवेत परतते. खाडीतल्या पानाला ती वाट अवघड होते.

हेच सल्फाइड तांबे, जस्त, शिसे, कॅडमियम, पारा या धातूंनाही धरून ठेवते आणि न विरघळणाऱ्या रूपात गाळात अडकवते. सेंद्रिय कण आणि चिकणमातीही धातूंना चिकटतात. म्हणजे कार्बन टिकवणारी आणि विष अडवणारी व्यवस्था एकच, हवाबंद चिखलाची. तो उकरला, सुकवला किंवा भरावाखाली पाणी तोडून कोरडा केला, की सल्फाइडला हवा लागते, आम्ल तयार होते, धातू मोकळे होतात आणि कार्बन डायॉक्साइड वर जातो.

पारा मात्र या नियमात नीट बसत नाही. सल्फेटवर जगणारे काही जिवाणू त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. ते सजीवांच्या शरीरात साठते आणि लहान माशाकडून मोठ्या माशाकडे वाढत जाते. ठाणे आणि उल्हास या दोन्ही खाड्यांत पारा असल्याचे शास्त्रीय निबंध १९८० च्या दशकापासून प्रसिद्ध होत आले आहेत. तेव्हा ‘कांदळवन प्रदूषण गाळते’ हे वाक्य अर्धेच खरे. गाळणीत अडकलेले गाळणीतच राहते, आणि तिथे निवटी मासे, चिंबोऱ्या राहतात.

घाण येते कुठून

खाडीच्या पूर्वेला ठाणे-बेलापूर पट्ट्यात १९६० च्या दशकापासून औद्योगिक वसाहत उभी राहिली : रसायने, रंग, औषधे, कापडप्रक्रिया. उत्तरेकडून अंबरनाथ-उल्हासनगर-कल्याण पट्ट्याचे पाणी उल्हासमार्गे येते. पश्चिमेला देवनारची कचराभूमी १९२७ पासून खाडीच्या कडेला वाढते आहे. तिच्यातून झिरपणारे काळे पाणी थेट खारफुटीत उतरते. कारखान्यांचे नाव पटकन घेतले जाते, पण प्रमाणाने सर्वांत मोठा वाटा घरगुती सांडपाण्याचा, म्हणजे या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या सर्वांचा आहे.

सांडपाण्यातून नत्र आणि स्फुरद येते. सुरुवातीला त्याने झाडे जोमाने वाढतात, शेवाळ माजते. ठाणे खाडीतले रोहित पक्षी, ज्यांना अग्निपंखी किंवा फ्लेमिंगोही म्हणतात, ते काही अंशी याच शेवाळावर पोसलेले आहेत. १९९० च्या दशकापासून ते इथे मोठ्या संख्येने येऊ लागले. अलीकडच्या काही हंगामांत धाकट्या आणि थोरल्या रोहितांची मिळून संख्या लाखाच्या वर मोजली गेली. गुलाबी थवा म्हणजे स्वच्छ पाण्याची पावती, असा समज वर्तमानपत्री छायाचित्रांमुळे पसरला आहे. धाकटा रोहित सूक्ष्म शेवाळ गाळून खातो आणि ते शेवाळ मैलापाण्याच्या खतावर वाढते. नत्र प्रमाणाबाहेर गेले की झाड मुळांपेक्षा फांद्या-पानांत जास्त वाढते आणि उन्हाळ्याच्या ताणात लवकर मरते. गाळात हे जास्तीचे नत्र जिवाणूंचे खाद्य होते, कुजणे वेगाने होते आणि नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायॉक्साइडच्या सुमारे २७३ पट तापमानवाढ करतो.

मिथेनचीही अशीच गोष्ट. खाऱ्या गाळात सल्फेट भरपूर असते, म्हणून मिथेन बनवणाऱ्या जिवाणूंना वाव मिळत नाही. नाल्याच्या तोंडाशी गोडे, मैलयुक्त पाणी सतत पडत राहिले की सल्फेट पातळ होते, कुजायला माल मुबलक असतो आणि चिखलातून बुडबुडे येऊ लागतात. कार्बनसाठ्याच्या जमेच्या बाजूला ही वजाबाकी करावी लागते. ती बहुतेक वेळा होत नाही.

प्लास्टिकचे नुकसान सरळ डोळ्यांना दिसते. पिशव्या श्वसनमुळांवर टोपीसारख्या बसतात आणि त्यांवरची सूक्ष्म छिद्रे बंद होतात. मोठ्या उधाणानंतर तिवराच्या फांद्यांवर डोक्याच्या उंचीला चिंध्या लोंबत असतात. त्यांवरून पाणी कुठवर चढले होते ते कळते.

कार्बन मोजायचा कसा

समुद्रकाठच्या परिसंस्थांत साठलेल्या कार्बनला ‘नील कार्बन’ म्हणतात; ही संज्ञा २००९ पासून रूढ झाली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिंद-प्रशांत प्रदेशातल्या एका गाजलेल्या अभ्यासात कांदळवनांची सरासरी हेक्टरी सुमारे १,००० टन कार्बन अशी आली होती आणि त्यातला बहुतांश झाडांत नव्हता, जमिनीत होता. तेव्हापासून हा आकडा कुठल्याही खारफुटीला सर्रास चिकटवला जातो. त्या अभ्यासातली जंगले मात्र उंच झाडांची आणि कित्येक ठिकाणी कुजट, खोल, सेंद्रिय मातीची होती. ठाण्याचा गाळ बेसॉल्टच्या, म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या खडकाच्या, झिजेतून आलेला, चिकणमातीचा. त्याला तो आकडा लावणे म्हणजे दुसऱ्याचे माप घेऊन आपला सदरा शिवणे.

प्रत्यक्ष मोजणीत अर्धगोल नळी चिखलात उभी खुपसून गाळाचा स्तंभ बाहेर काढतात, त्याचे ठरलेल्या खोलीवर तुकडे करतात, वाळवून वजन घेतात, शिंपल्यांतला चुना आम्लाने काढून टाकतात आणि उरलेल्यातला सेंद्रिय कार्बन मोजतात. समजा, एका घन सेंटिमीटर गाळाचे कोरडे वजन ०.८ ग्रॅम आणि त्यात २ टक्के कार्बन आहे. मग एक मीटर खोलीपर्यंत हेक्टरी १६० टन कार्बन होतो. कार्बन डायॉक्साइडच्या भाषेत, म्हणजे ३.६७ ने गुणून, सुमारे ५८७ टन. हे केवळ गणिताचे उदाहरण आहे. टक्केवारी २ ऐवजी ३ धरली तर उत्तर दीडपट होते, यावरून मोजणीत किती जपावे लागते ते लक्षात यावे.

त्यापुढचा प्रश्न जास्त अवघड आहे : हा कार्बन कोणाचा? तिवराच्या पानांचा, समुद्रातल्या शेवाळाचा, सह्याद्रीवरून आलेल्या मातीचा की मैलापाण्याचा? कार्बनच्या जड-हलक्या समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे) प्रमाण आणि कार्बन-नत्राचे गुणोत्तर यांवरून अंदाज बांधता येतो. मैल्याचा कार्बन मात्र दोन्ही कसोट्यांवर पान आणि शेवाळ यांच्या अधेमधे पडतो, म्हणून विष्ठेतूनच येणारी कोप्रोस्टॅनॉलसारखी स्टेरॉल संयुगे स्वतंत्र शोधावी लागतात. कार्बनपत (कार्बन क्रेडिट), म्हणजे साठवलेल्या कार्बनचे विकता येणारे प्रमाणपत्र, विकायची असेल तर हा भेद कळीचा ठरतो. शहराने वाहवून दिलेला मैला गाळात पुरला गेला, तर ती जंगलाची कमाई म्हणून दाखवणे कितपत बरोबर?

गाळाचे वय शिसे-२१० या किरणोत्सारी समस्थानिकावरून काढतात. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मे उरायला लागणारा काळ, सुमारे २२ वर्षे असल्याने गेल्या शंभरेक वर्षांचे थर वाचता येतात. कार्बन आणि धातू एकाच स्तंभात मोजले, तर कोणत्या दशकात काय वाढले ते शेजारी शेजारी मांडता येते.

वाढते जंगल, आक्रसती पाणथळ

मुंबईत खारफुटी घटतच आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. भरावाने, झोपड्यांनी, रस्त्यांनी ती तोडली गेली हे खरेच. पण ठाणे खाडीच्या आतल्या भागात गेल्या काही दशकांत तिवर पुढे सरकले आहे. १९७३ मध्ये वाशीचा पहिला रस्तापूल झाला, पुढे रेल्वेपूल, दुसरा रस्तापूल आणि ऐरोलीचा पूल झाला. खांबांनी प्रवाह मंदावला, काठांवरच्या भरावांनी खाडीचे पात्र आवळले, गाळ साचून तळ वर आला आणि उघड्या चिखलावर बी रुजले. उपग्रहाच्या चित्रात हिरवा रंग वाढतो, कार्बनही वाढतो. रोहितांची चराईची चिखलपट्टी आणि कोळ्यांची मासेमारीची जागा मात्र कमी होते. उघड्या चिखलावर मुद्दाम खारफुटी लावण्याचे कार्यक्रम म्हणूनच तपासून घ्यायला हवेत.

काठच्या कोळीवाड्यांना हा बदल जाळ्यात दिसला. जिताडा, बोय, कोळंबी, चिंबोरी ही खाडीची मासळी. पूर्वी बोक्षी (पिशवीसारखे जाळे) लावून किंवा पाग (फेकजाळे) टाकून मिळणारा जिताडा आता क्वचित लागतो, असे वयस्क कोळी सांगतात; जाळ्यात कचराच जास्त येतो. निवटी मात्र तग धरून आहे. चिखलावर उड्या मारत चालणारा हा मासा हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे पाण्यातला प्राणवायू संपला तरी त्याचे अडत नाही. निवट्यांचे कालवण आवडीने खाल्ले जाते, आणि निवटी राहते त्याच काळ्या गाळात.

संरक्षण

मुंबई उच्च न्यायालयाने २००५ च्या अंतरिम आदेशाने खारफुटी तोडण्यावर आणि तिच्याभोवती ५० मीटरपर्यंत बांधकाम करण्यावर बंदी घातली. २०१८ च्या अंतिम निकालात खारफुटीचा नाश हा संविधानाच्या अनुच्छेद २१ खालील जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला. राज्याच्या वनविभागात २०१२ मध्ये कांदळवन कक्ष स्थापन झाला. २०१५ मध्ये खाडीचा १,६९०.५ हेक्टर भाग ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्यात ८९६ हेक्टर कांदळवन आणि ७९४ हेक्टर जलक्षेत्र आहे. मालवणनंतरचे हे राज्यातले दुसरे सागरी अभयारण्य. २०२२ मध्ये खाडीचे ६,५२१ हेक्टर क्षेत्र रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आले. महाराष्ट्रातून नांदूर मधमेश्वर आणि लोणार तिच्या आधी यादीत होते.

हे सर्व संरक्षण झाडाचे आणि जमिनीचे आहे. तिवराची फांदी तोडणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो. नाल्यातून त्याच्या मुळाशी येणारे पाणी १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याखाली, वेगळ्या, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अखत्यारीत जाते, आणि त्या पाण्याची मानके ते नाल्यात सोडण्याच्या तोंडाशी तपासली जातात. चाळीस-पन्नास वर्षांत गाळात किती साचले, याला त्या मानकांत जागा नाही.