क्लब १७४४चा, इमारत नंतरची

जुन्या गोल्फ क्लबांवरच्या लेखांत एक वाक्य हटकून भेटतं: ‘१७४४ साली स्थापन झालेली ही हेरिटेज वास्तू.’ प्रत्येक वेळी जीव तुटतो. वास्तू बांधली जाते. स्थापन होतो तो क्लब. आणि १७४४चा तो क्लब, म्हणजे स्कॉटलंडमधला ऑनरेबल कंपनी ऑफ एडिनबरा गोल्फर्स, आज म्यूरफील्डला आहे. तिथे तो १८९१ साली आला.

हेरिटेज इमारत म्हणजे काय, हे बहुतेकांना माहीत असतं. सरकारी यादीत नाव, त्याला एक दर्जा, फेरफार करायचा तर परवानगी. त्यावर जास्त लिहीत नाही. घोळ होतो तो क्लबच्या बाबतीत.

क्लब म्हणजे सभासद, त्यांचे नियम, सभांची इतिवृत्तं, करंडक. हे सगळं उचलून दुसरीकडे नेता येतं. ऑनरेबल कंपनी ऑफ एडिनबरा गोल्फर्सने तेच केलं. १७४४मध्ये एडिनबरा शहराने स्पर्धेसाठी चांदीची गोल्फ-काठी बक्षीस ठेवली. लीथच्या पाच होलांच्या मैदानावर ती स्पर्धा झाली आणि तिच्यासाठी तेरा नियम लिहिले गेले. गोल्फचे आज हाती असलेले सर्वांत जुने लेखी नियम ते हेच. जिंकले जॉन रॅट्रे, पेशाने सर्जन. पुढे क्लबच्या कॅप्टनने आपल्या नावाचा चांदीचा चेंडू त्या काठीला लावायचा, अशी रीत पडली. १७६८मध्ये या मंडळींनी लीथला स्वतःचं गोल्फ हाऊस बांधलं, आणि नंतर ते विकावं लागलं. १८३६मध्ये क्लब मसलबराला गेला, तिथूनही उठून १८९१मध्ये म्यूरफील्डला. इमारत सुटली, मैदानं सुटली. क्लबचं वय मात्र १७४४पासूनच मोजतात, आणि ते बरोबरच आहे. म्यूरफील्डच्या भिंतींना ते वय चिकटवणं मात्र चूक.

स्कॉटलंडमधल्याच सेंट अँड्र्यूजला ‘रॉयल अँड एन्शंट’ हा क्लब कुठे हलला नाही, तरी तारखा जुळत नाहीतच. क्लब १७५४चा, ते प्रसिद्ध दगडी क्लबहाऊस १८५४चं. मधे सरळ शंभर वर्षं. समोरचा ओल्ड कोर्स तर क्लबच्या मालकीचाही नाही. ते सार्वजनिक मैदान आहे आणि त्याचा कारभार एक ट्रस्ट बघतो. क्लबच्या नावातली ‘रॉयल’ ही उपाधी राजाकडून १८३४मध्ये मिळाली. वारसा यादीशी तिचा काही संबंध नाही.

यादीचं संरक्षण असतं ते बांधकामाला. स्कॉटलंडमध्ये ए, बी, सी असे तीन दर्जे आहेत, पण ‘सी’ आहे म्हणून परवानगी लागत नाही असं नाही. आतला भागही संरक्षणात येतो. वर-खाली सरकणारी जुनी लाकडी खिडकी काढून प्लास्टिकची बसवायची, तर आधी स्थानिक नियोजन विभागाची संमती हवी. न विचारता केलं तर तो गुन्हा. क्लब उद्या इमारत विकून गेला, तरी ती खिडकी नव्या मालकालाही तशीच बांधून ठेवते. उलट, म्यूरफील्डच्या क्लबने २०१७मध्ये महिलांना सभासदत्व देण्याचा ठराव केला. पावणेतीनशे वर्षांत क्लबमध्ये याहून मोठा बदल मला तरी दिसत नाही. तो सभासदांच्या मतांवर झाला. वारसा यादीचा त्यात काहीच भाग नव्हता, कारण यादी भिंती जपते, क्लब नाही.

अमेरिकेत आणखी जपून लिहावं लागतं. तिथे ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नाव आलं, तरी खासगी मालक स्वतःच्या पैशाने बदल करत असेल तर केवळ त्या नोंदीच्या बळावर त्याला अडवता येत नाही. त्यामुळे ‘नोंद आहे, म्हणजे हात लावता येत नाही’ हे वाक्य तिथे वापरूच नये.

मी स्वतः प्रत्येक ठिकाणाच्या तारखा वेगवेगळ्या लिहिते. अमेरिकेतल्या शिनेकॉक हिल्सचं उदाहरण: क्लब १८९१, क्लबहाऊस १८९२, नोंदवहीत २०००.